हलके एकआसनी ग्लायडर कसे आखावे: नागपूरच्या हवेतला वजनाचा हिशेब

ज्याला एकट्याने उडण्याजोगे हलके ग्लायडर आखायचे आहे, त्याने कंपास आणि पट्टी हाती घेण्याआधी तराजू हाती घ्यावा. इंजिन नसलेले विमान हवेच्या मानाने सतत खालीच येत असते. भोवतालची हवा त्याच्या खाली येण्याच्या वेगाहून अधिक वेगाने वर जात असेल तेवढाच वेळ ते उंची मिळवते. मे महिन्यातल्या दुपारी अंबाझरी तलावाच्या काठावर उभे राहिले, तर घारी पंख न हलवता वर्तुळे घेत वर चढताना दिसतात. त्यांना ते साधते, कारण त्या सावकाश खाली येतात आणि अगदी लहान वर्तुळात वळू शकतात. हलक्या ग्लायडरची सारी रचना याच दोन गुणांसाठी असते, आणि दोन्ही गुण पंखाच्या एका चौरस मीटरवर किती किलो वजन येते या एका आकड्याशी बांधलेले आहेत. त्याला पंखभार म्हणू.

कलण्याचा कोन आणि पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन सारखे ठेवले, तर वळणाची त्रिज्या पंखभाराच्या सम प्रमाणात वाढते. चौरस मीटरला ३५ किलो पंखभार असलेल्या नेहमीच्या ग्लायडरला ३० अंश कलून वळताना जिथे सुमारे ११८ मीटर त्रिज्या लागते, तिथे १३.६ किलो पंखभाराचे ग्लायडर ४६ मीटरमध्ये वळते. सकाळी ऊन तापू लागताना वर उठणारे प्रवाह अरुंद असतात आणि जमिनीपासून फार वर पोहोचलेले नसतात. त्यांचा उपयोग ४६ मीटरवाल्याला होतो, ११८ मीटरवाल्याला दुपारपर्यंत थांबावे लागते.

हलके म्हणजे किती हलके, याला आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेच्या क्रीडा नियमांत अतिहलक्या ग्लायडरचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन २२० किलोपर्यंत असते, आणि त्यातल्या सर्वांत हलक्या गटासाठी पंखभार चौरस मीटरला १८ किलोहून अधिक चालत नाही. अमेरिकेतील जिम मॉपिन यांच्या ‘कार्बन ड्रॅगन’चे रिकामे वजन सुमारे ६६ किलो आणि पंखविस्तार १३.४ मीटर आहे. स्वित्झर्लंडचे ‘आर्किऑप्टेरिक्स’ १३.६ मीटर विस्ताराचे असून रिकामे ५४ किलोच भरते. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने एकेकाळी लाकडी ग्लायडरांची मोठी परंपरा उभी केली आणि अश्विनी, रोहिणी, मृगशीर, कार्तिक अशी नक्षत्रांवरून नावे दिली. १९६३ साली प्रथम उडालेले १५ मीटर विस्ताराचे ‘कार्तिक’ एकआसनीच होते, पण ते हलक्या गटातले नव्हे. त्याची लाकूडकामाची शिस्त घ्यावी, वजनाचे अंदाज मात्र स्वतंत्रपणे करावेत.

वजनाचा तक्ता

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. रिकामे ग्लायडर ८० किलो, कपडे-बुटांसह चालक ८० किलो, पॅराशूट आणि उपकरणे १० किलो, असे एकूण १७० किलो धरू. रिकाम्या ८० किलोंतले ४० पंखांना, २२ धडाला, ६ शेपटीला, ६ नियंत्रणांच्या दांड्या-तारांना आणि उरलेले ६ चाक, पट्टे व ओढदोर सोडण्याच्या हुकाला द्यावेत. प्रत्येक भागाला असे वजन आधीच नेमून दिले, की तो भाग बनवणारा त्या मर्यादेत विचार करतो. नंतर बघू म्हणून सोडलेले वजन नेहमी वाढते. माझ्या पहिल्या आराखड्यात मी सरस आणि रंग यांची नोंदच केली नव्हती आणि तयार पंख अंदाजापेक्षा कितीतरी जड भरला. तेव्हापासून मी सरसाचा डबा कामाआधी आणि कामानंतर तोलतो.

चालक हा एकूण वजनाचा जवळजवळ निम्मा भाग आहे, हे हलक्या ग्लायडरचे खास वैशिष्ट्य आहे. मोठ्या ग्लायडरमध्ये चालक दहा किलोंनी बदलला तर फारसे बिघडत नाही. इथे त्याचा परिणाम समतोलावर थेट होतो. तो हिशेब पुढे येईल.

पंख किती मोठा आणि किती लांब

पंखाचे क्षेत्रफळ ठरते ते पंख आधार सोडण्याच्या वेगावरून, म्हणजेच स्टॉलच्या वेगावरून. उचल ही हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि उचल गुणांक (पंखाचा आकार व कोन किती उचल देतो ते सांगणारा आकडा) यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. पुस्तकी उदाहरणांत घनता घनमीटरला १.२२५ किलो धरलेली असते. ती समुद्रसपाटीवरच्या १५ अंश सेल्सियसच्या हवेची आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे आणि उन्हाळी दुपारी पारा ४२ अंशांवर असणे इथे रोजचेच आहे. त्या हवेची घनता सुमारे १.०८ भरते, म्हणजे पुस्तकातल्यापेक्षा जवळजवळ १२ टक्के कमी. १२.५ चौरस मीटर पंख आणि १.४ हा कमाल उचल गुणांक धरला, तर पुस्तकी हवेत स्टॉलचा वेग ताशी ४५ किलोमीटर येतो आणि नागपूरच्या दुपारी ४८. तीन किलोमीटरचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण जमिनीवर उतरताना अंगी असलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून आराखड्यातले सर्व वेग नवतपातल्या दुपारच्या हवेसाठी काढावेत आणि डिसेंबरमधली सकाळ ही सवलत समजावी.

क्षेत्रफळ ठरले की विस्तार. पंख जितका लांब आणि अरुंद, तितकी टोकांपाशी भोवऱ्यांत वाया जाणारी ऊर्जा कमी. पण लांब पंखाच्या बुडाशी वाकवणारा जोर वाढतो आणि त्यासोबत वजनही. १२.५ मीटर विस्तार घेतला तर विस्ताराच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागून येणारे गुणोत्तरही १२.५ येते आणि पंखाची सरासरी रुंदी बरोबर एक मीटर. हे आकडे मी हिशेब तोंडपाठ राहावा म्हणूनही निवडले आहेत. बुडाशी १.२५ मीटर आणि टोकाशी ०.७५ मीटर अशी निमुळती रुंदी ठेवावी. याहून अधिक निमुळते करण्याचा मोह आवरावा, कारण अरुंद टोक आधी आधार सोडते आणि ग्लायडर एका बाजूला कोसळते. टोक बुडापेक्षा दोन ते तीन अंश खाली पिळून ठेवले तर ही सवय आणखी सुधारते.

उचलीशी संबंध नसलेल्या हवेच्या मागे खेचणाऱ्या ओढीचा गुणांक ०.०१८ आणि पंखाची कार्यक्षमता ०.८५ धरली, तर उत्तम सरक गुणोत्तर, म्हणजे एक मीटर उंची गमावताना किती मीटर पुढे जाता येते तो आकडा, सुमारे २१.५ येते, तेही ताशी ६४ किलोमीटर वेगाला. घिरट्या घालताना ताशी ५४ किलोमीटरला ग्लायडर सेकंदाला ०.७४ मीटर खाली येईल. ०.०१८ हा आकडा मिळवायला धड नीट झाकलेले, चालक अर्धवट पहुडलेला आणि पंख बाह्य टेकूविना असावा लागतो. टेकूचे दांडे लावले आणि गुणांक ०.०२२ झाला, तर गुणोत्तर १९.५ वर उतरते. हे नुकसान मला मान्य आहे. पहिल्यांदाच आराखडा करणाऱ्याने टेकू घ्यावा असेच मी सांगेन, कारण टेकूमुळे बुडाशी येणारा वाकवणारा जोर मोठ्या प्रमाणात कमी होतो आणि चुकीला जागा राहते. तरी खालचा स्पारचा, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईचा, हिशेब मी टेकूविना दाखवला आहे. कठीण बाजू आधी समजलेली बरी.

पंखछेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, निवडताना हवेचा वेग कमी आहे हे विसरू नये. सेकंदाला १५ मीटर वेग आणि एक मीटर रुंदी यांचा रेनॉल्ड्स अंक (वेग, आकारमान आणि हवेचा चिकटपणा यांचे नाते सांगणारा आकडा) सुमारे साडेआठ लाख येतो, टोकाशी सव्वासहा लाखांच्या आसपास. या पट्ट्यात मोठ्या ग्लायडरांचे घोटीव छेद अपेक्षेइतके चालत नाहीत. वॉर्टमान यांचा एफएक्स ६३-१३७ हा कमी वेगाचा प्रसिद्ध छेद भरपूर उचल देतो, मात्र तो पंखाला नाक खाली करण्याच्या दिशेने जोरात पिळतो, त्यामुळे शेपूट आणि पंखाची पीळ-ताठरता दोन्ही वाढवाव्या लागतात. नाका (NACA) मालिकेतला ४४१५ हा छेद थोडा कमी कार्यक्षम पण स्वभावाने शांत आहे, आणि त्याची १५ टक्के जाडी स्पारला उंची देते. घरच्या कार्यशाळेत पृष्ठभाग आरशासारखा होत नाही, हे धरून मी दुसऱ्याची निवड करतो.

स्पार

पंखाचा कणा म्हणजे स्पार, आणि आराखड्याचा सर्वाधिक वेळ इथे जावा. युरोपातल्या सीएस-२२ या ग्लायडर नियमावलीत साधारण उपयोगाच्या वर्गासाठी वजनाच्या ५.३ पट भार मर्यादा म्हणून आणि त्याच्या दीडपट अंतिम भार म्हणून धरला जातो. एवढ्या हलक्या विमानाला ५.३ कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. उत्तर वाऱ्याच्या झोतात आहे. ताशी ९० किलोमीटरने जाताना सेकंदाला १५ मीटर वेगाचा उभा झोत लागला, तर आपल्या १३.६ पंखभाराच्या ग्लायडरवर सुमारे ४.४ पट भार येतो. पंखभार जितका कमी तितका झोताचा धक्का मोठा लागतो. जे हलकेपण घारीसारखे वळू देते तेच उन्हाळ्याच्या खवळलेल्या हवेत पंखाला अधिक वाकवते, म्हणून ५.३ मध्ये कपात करू नये.

आता हिशेब. पंखाचे वजन पंखावरच पसरलेले असल्याने ते बुडाला वाकवण्यात जवळपास भाग घेत नाही. उरतात १३० किलो. त्याला ९.८१ ने आणि ७.९५ या अंतिम पटीने गुणून दोन पंखांत वाटले, की प्रत्येक पंखावर सुमारे ५,०७० न्यूटन येतात. लंबवर्तुळाकार वाटणीत हा भार अर्ध्या विस्ताराच्या ४२.४ टक्क्यांवर, म्हणजे बुडापासून २.६५ मीटरवर एकवटला आहे असे मानता येते. गुणाकार १३,४०० न्यूटन-मीटर. बुडाशी पंखाची जाडी १८७ मिलिमीटर आहे. स्पारच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या मध्यांत लाकडी बांधणीत १५० मिलिमीटर अंतर मिळते. भागाकार केला की प्रत्येक पट्टीवर ८९,३०० न्यूटन. वरची पट्टी दाबली जाते आणि लाकूड ताणापेक्षा दाबात आधी हार मानते, म्हणून स्प्रूसचे ३५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हे दाबबळ धरून सुमारे २,५५० चौरस मिलिमीटर छेद लागतो: ६७ रुंद आणि ३८ जाड. कार्बनच्या तयार सळ्या घेतल्या, आरेखनासाठी त्यांचे दाबबळ सावधपणे ६०० धरले आणि पट्ट्या पातळ झाल्याने मधले अंतर १७५ झाले, तर १२८ चौरस मिलिमीटर पुरतात आणि पट्ट्यांचे वजन लाकडाच्या पाचव्या हिश्शावर येते. छेद बुडापासून टोकाकडे वाकवणाऱ्या जोराप्रमाणे कमी करत न्यावा. दोन पट्ट्यांमधला पडदा पातळ प्लायवूडचा आणि तंतू ४५ अंशांत असावा.

वाकण्याइतकाच पिळण्याचा विचार करावा. स्पारच्या पुढचा नाकाचा भाग एक मिलिमीटर प्लायवूडने, तंतू तिरके ठेवून, बंद नळीसारखा मढवला की पंख पीळ सोसतो. मागचा भाग रिब, म्हणजे पंखाच्या फासळ्या, आणि उष्णतेने आवळणाऱ्या पॉलिस्टर कापडावर भागतो. पीळ-ताठरता कमी पडली तर एका वेगानंतर पंख फडफडू लागतो, आणि त्याला फ्लटर म्हणतात. त्यातून पंख वाचणे कठीण. एलेरॉनचा, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या फळीचा, भार बिजागरीच्या पुढे वजन लावून तोलावा, नियंत्रणाच्या सांध्यांत खुळखुळ राहू देऊ नये, आणि कमाल वेगाचा लाल आकडा ताशी १३० किलोमीटरच्या वर नेऊ नये.

लाकूड, सरस आणि नागपूरचे हवामान

लकडगंजातून चालताना उत्तम सागवान पाहून हात शिवशिवतात, तरी ते स्पारसाठी घेऊ नये. साग घनमीटरला ६५० किलोंच्या आसपास भरतो, स्प्रूस ४२०च्या. शिवाय सागाच्या अंगच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही. लाकूड कोणतेही असो, गाठ नको, आणि तंतूंचा उतार पंधरास एकाहून अधिक नको. प्रत्येक फळीचा तुकडा कापून, तोलून घनता काढावी आणि तिच्यावर खडूने लिहावी.

इथल्या हवेत वर्षभरात लाकूड जितके हलते तितके समुद्रकाठी हलत नाही. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की फळ्या आक्रसतात, आणि जुलैत त्याच फळ्या फुगून बसतात. उन्हाळ्यात कार्यशाळेत वाळ्याचा कूलर लावणे आपल्याला स्वाभाविक वाटते, पण कूलर गार हवेबरोबर ओलही फेकतो. त्याच्या समोरची फळी आणि कोपऱ्यातली फळी यांच्यात एका दिवसात फरक पडतो, आणि अशा दोन फळ्या चिकटवल्या की सांध्यात कायमचा ताण राहतो. चिकटवण्याच्या खोलीत कूलर नकोच. इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या सरसाचे, तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा हाताळण्याचा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून उन्हाळ्यात चिकटवण्याचे काम पहाटे उरकावे. पावसाळ्यात तिच्यावर ओशट थर येतो, तो पुसल्याशिवाय पुढचा थर लावू नये. स्पारसारखे मोठे चिकटकाम मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवतो.

खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली अनेक इपॉक्सी पन्नास-साठ अंशांपाशी मऊ पडू लागतात. नागपूरच्या उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या पंखाचा पृष्ठभाग ही मर्यादा सहज ओलांडतो. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत: पुरवठादाराने सांगितलेल्या तापमानाला भाग पुन्हा भाजून पक्का करावा, आणि वरचा रंग पांढराच ठेवावा. जगभरातली कार्बन आणि काचतंतूंची ग्लायडरे बहुतेक पांढरी दिसतात ती याच कारणाने. नाव, पट्टे, नक्षी यांची हौस शेपटीवर भागवावी.

शेपूट आणि समतोल

आडव्या शेपटीचे क्षेत्रफळ गुणिले तिचे पंखापासूनचे अंतर, भागिले पंखाचे क्षेत्रफळ आणि सरासरी रुंदी, हे गुणोत्तर ०.४५ च्या आसपास ठेवावे. ३.६ मीटर अंतर घेतले तर १.६ चौरस मीटर शेपूट लागते. उभ्या शेपटीसाठी रुंदीऐवजी विस्तार घेऊन गुणोत्तर ०.०२ ठेवावे, म्हणजे ०.८७ चौरस मीटर. लांब पंखाच्या हळू विमानात एलेरॉन वापरताच नाक उलट्या दिशेला वळते, म्हणून रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा हलता भाग, सढळ हाताने मोठा ठेवावा.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी रुंदीच्या २८ ते ३८ टक्क्यांत राहावा. चालक गुरुत्वमध्याच्या ०.४ मीटर पुढे बसत असेल आणि ८० ऐवजी ७० किलोंचा चालक बसला, तर मध्य अडीच सेंटिमीटर मागे सरकतो. म्हणजे दहा टक्क्यांच्या पट्ट्यातला चौथा हिस्सा एका माणसाच्या बदलाने संपतो. म्हणून आसन शक्य तेवढे गुरुत्वमध्याजवळ आणावे आणि हलक्या चालकासाठी नाकात शिशाचे वजन बसवण्याची पक्की जागा आराखड्यातच ठेवावी. मध्य फार मागे गेलेले ग्लायडर एलिव्हेटरच्या, म्हणजे आडव्या शेपटीच्या हलत्या भागाच्या, हलक्या स्पर्शानेही उसळते, आणि ते सावरण्याइतका वेळ जमिनीजवळ मिळत नाही.

भारचाचणी आणि पहिली उडी

साहित्य कापण्याआधीच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी आणि उड्डाण परवानगीची विचारणा करावी. सोनेगाव विमानतळाभोवतालचे आकाश नियंत्रित आहे, तेव्हा चाचणीची जागा शहरापासून दूर आणि परवानगीतली असावी.

पंख तयार झाला की त्याला उलटा टेकवून त्यावर रेतीच्या पिशव्या रचाव्यात. मर्यादाभारासाठी १३० किलो गुणिले ५.३ म्हणजे ६८९ किलो लागतात. उलट्या पंखाचे स्वतःचे ४० किलो त्याच दिशेला ओढत असल्याने दोन्ही पंख मिळून सुमारे ६५० किलो रेती पुरते. कन्हानची रेती ओली येते, ती आधी उन्हात वाळवावी आणि प्रत्येक पिशवी दहा किलोंची तोलून भरावी; एकूण ६५ पिशव्या. बुडाशी दाट आणि टोकाकडे विरळ अशी त्यांची वाटणी कागदावर आधीच आखून ठेवावी. मर्यादाभाराच्या पाचव्या भागाने भार वाढवत जावे, प्रत्येक टप्प्याला टोक किती झुकले ते लिहावे आणि एलेरॉन मोकळे फिरतात का ते हाताने पाहावे. आकडे सरळ रेषेत वाढत असतील तर पुढे जावे. रेषा वाकू लागली तर तिथेच थांबून पिशव्या उतरवाव्यात. भार काढल्यावर टोक मूळ जागी आले पाहिजे. अंतिम भाराची परीक्षा उडायच्या पंखावर करू नये. त्यासाठी स्पारचा बुडाकडचा एक तुकडा वेगळा बनवून तो तुटेपर्यंत ताणावा आणि तो कुठे व कसा तुटला याचे छायाचित्र काढून ठेवावे.

पहिल्या उड्या प्रशिक्षित ग्लायडर चालकाने, हिवाळ्यातल्या सकाळी, वारा पडलेला असताना घ्याव्यात. लांब सपाट मैदानात गाडीने दोर ओढत आधी फक्त चाकावर पळवून रडर आणि एलेरॉन लागतात का ते पाहावे. मग एक-दोन मीटर उंचीवर सरळ रेषेत जाऊन दोर सोडावा व समोरच उतरावे. प्रत्येक उतरणीनंतर स्पारच्या बुडाच्या पिना काढून भोके तपासावीत, नोंदवहीत वेग, तापमान आणि चालकाचे त्या दिवशीचे वजन लिहावे, आणि अशा वीस उड्यांच्या नोंदी सारख्या आल्यावरच पहिले वळण घ्यावे.